प्रयोगाचा खर्च आणि तासाचा खर्च : एका युवा नाट्यशिक्षण उपक्रमाचे प्रकरण

या प्रकरणातील संस्था, तिला अर्थसाहाय्य देणारा न्यास, शाळा आणि व्यक्ती यांची ओळख पटेल असा तपशील येथे दिलेला नाही. घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. प्रस्तुत लेखक या काळात संस्थेच्या कार्यकारिणीला सल्ला देत होता, त्यामुळे पुढील लेखनात त्याची मतेही आहेत आणि ती कोठे आली आहेत ते वाचकाला सहज कळेल.

पार्श्वभूमी

संस्था लहान आहे. बारा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी ती तीन शाळांमध्ये शाळा सुटल्यानंतर नाट्यशिक्षणाचे वर्ग चालवीत असे. प्रत्येक शाळेत आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येक वर्ग दीड तासाचा. एक मुख्य प्रशिक्षक, दोन साहाय्यक प्रशिक्षक आणि कागदपत्रे, परवानग्या, पालक व शाळा यांच्याशी संपर्क सांभाळणाऱ्या एक समन्वयक एवढ्या मनुष्यबळावर सगळे चालत होते.

आरंभीच्या वर्षांत वर्गात संहिता आणलीच जात नसे. मुले आरशाचा खेळ खेळत, म्हणजे एकाने हालचाल करायची आणि समोरच्याने त्याच क्षणी तिचे प्रतिबिंब व्हायचे, पण पुढाकार कोणाचा आहे हे बघणाऱ्याला कळू द्यायचे नाही. एखादी जागा तिचे नाव न उच्चारता केवळ वावरण्यातून उभी करायची, असा दुसरा खेळ असे. या खेळांमागे मोठी परंपरा आहे. अमेरिकी नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांनी १९३९ ते १९४१ या काळात शिकागोतील एका सरकारी करमणूक प्रकल्पात, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांतील मुलांबरोबर काम करताना असे नाट्यखेळ घडवले आणि त्यासाठी त्यांनी आपल्या गुरू नेव्हा बॉइड यांच्या सामूहिक खेळांचा आधार घेतला. मोठ्या मुलांच्या गटात मुख्य प्रशिक्षक ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांची पद्धत वापरत. या पद्धतीत शिक्षक स्वतः एखाद्या भूमिकेत शिरतो आणि मुलांना त्या प्रसंगातील जाणकार मानून त्यांच्याकडे सल्ला मागतो, त्यामुळे उत्तरे शोधण्याची जबाबदारी आपसूक मुलांवर येते.

या दोन्ही पद्धतींना साहित्य जवळजवळ लागत नाही. त्यांना लागतो तो माणूस. खेळ चालू असताना तो न थांबवता बाहेरून नेमकी सूचना देणे, कोण मागे पडतो आहे हे हेरणे, एखाद्या मुलीने अचानक खरी दुखरी गोष्ट प्रसंगात आणली तर ती सांभाळून घेणे, हे सगळे अनुभवी प्रशिक्षकाने प्रत्येक तासाला करायचे असते. नाट्यशिक्षणाचा खरा खर्च प्रशिक्षकाच्या वेळेचा असतो, आणि हे प्रकरण मुख्यतः या एका गोष्टीचे आहे.

वर्षाच्या शेवटी वर्गखोलीतच बाके बाजूला सारून पालकांना शिकलेले दाखवले जाई. पुढे एका न्यासाने संस्थेला मोठे वार्षिक अर्थसाहाय्य देऊ केले. पहिल्या वर्षी त्या पैशातून नाट्यगृहात पूर्ण लांबीचे नाटक झाले. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा असे सारे होते. प्रेक्षागृह भरले आणि पालक भारावून गेले. न्यासाच्या वार्षिक अहवालात त्या प्रयोगाचे छायाचित्र आले. पुढच्या करारात ‘वर्षाला किमान एक नाट्यप्रयोग’ ही अट घातली गेली आणि संस्थेने ती आनंदाने मान्य केली. त्या वेळी तिला विरोध करण्याचे कोणालाही कारण दिसले नव्हते.

अडचण

तीन वर्षे मोठे नाटक झाल्यानंतर समन्वयक वार्षिक अहवालासाठी हजेरीपट तपासत होत्या. गळती दरवर्षी असतेच, त्यामुळे काही नावांसमोरच्या रिकाम्या चौकटींचे त्यांना आश्चर्य वाटले नाही. पण तिन्ही शाळांचे हजेरीपट शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसले की बहुतेक रिकाम्या चौकटी एकाच आठवड्यापासून सुरू होतात. त्यांनी तालमींचे वेळापत्रक काढून ताडून पाहिले. पात्रांची यादी फलकावर लागल्यानंतरचा तो आठवडा होता. आधीच्या दोन वर्षांतही हेच घडले होते, मात्र हजेरीपट आणि वेळापत्रक वेगवेगळ्या फायलींत राहिल्याने ते कोणाच्या लक्षात आले नव्हते.

मग तालमींकडे नव्या नजरेने पाहणे भाग पडले. पहिल्या वर्षी नाटक बसवायला शेवटचे सहा आठवडे लागले होते. तिसऱ्या वर्षी ते काम चार महिन्यांवर गेले, कारण आधीच्या प्रयोगापेक्षा पुढचा प्रयोग सरस व्हावा अशी अपेक्षा आपोआप तयार झाली होती. खेळांचे आणि उत्स्फूर्त प्रसंगांचे तास तितके कमी झाले. प्रमुख भूमिका साहजिकच आवाज चांगला असणाऱ्या, पाठांतर पक्के असणाऱ्या आणि आधी काम केलेल्या मुलांकडे जात. उरलेली मुले जमावात.

एका तालमीतला प्रसंग येथे नोंदवतो, कारण पुढच्या चर्चेत तो वारंवार निघाला. दुसऱ्या अंकातला प्रवेश बसत होता. पाच मुले मधोमध होती आणि वीसेक मुले भिंतीकडेच्या बाकांवर आपला प्रवेश येण्याची वाट पाहत बसली होती. जमावातील एक मुलगा, वय साधारण चौदा, विंगेच्या खुणेपाशी उभा होता. त्याला एकच वाक्य होते आणि ते इतरांबरोबर एकदम म्हणायचे होते. त्याने मुख्य प्रशिक्षकांना विचारले, “सर, हे दोघे भांडतात तेव्हा मी काय करत असतो?” प्रशिक्षक म्हणाले, “तू नुसता उभा राहा, तुझ्यावर प्रकाश नाहीये.” पुढच्या क्षणी ते दुसऱ्या सूचनेकडे वळले.

त्या मुलाचा प्रश्न नटाचा होता, आणि आरंभीच्या वर्षांत अशा प्रश्नावर अख्खा तास गेला असता. प्रशिक्षकांना हे कळत नव्हते असे नाही. रंगीत तालीम दहा दिवसांवर आली होती आणि त्यांच्यापाशी द्यायला तास नव्हता.

दुसरा धक्का अंदाजपत्रकाने दिला. कार्यकारिणीच्या बैठकीत समन्वयकांनी खर्चाचे सगळे रकाने एका कागदावर मांडले. नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्य, प्रकाश व ध्वनिसामग्री, वेशभूषा, रंगभूषा, वाहतूक, छपाई व प्रसिद्धी या सगळ्यांची बेरीज एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक होती. प्रशिक्षकांचे मानधन पाव हिश्श्यापर्यंतही पोहोचत नव्हते. साहाय्यक प्रशिक्षकांना तासावर पैसे मिळत, सुट्टीच्या महिन्यांत काहीच मिळत नसे, आणि वर्गाच्या तयारीचा वेळ तर कोठेच धरलेला नव्हता. त्याच महिन्यात दोघांपैकी एका साहाय्यक प्रशिक्षिकेने पुढच्या वर्षी येता येणार नाही असे कळवले. त्यांना काम आवडत होते, पण वर्षाचे आठ महिने मिळणाऱ्या पैशावर बारा महिने काढणे शक्य नव्हते.

याच सुमारास न्यासाकडून पुढील वर्षाचा अर्ज आला. त्यात प्रेक्षकसंख्या, लाभार्थ्यांची संख्या आणि प्रयोगांची संख्या असे तीन रकाने होते, आणि तिन्ही आकडे आधीच्या वर्षापेक्षा वाढलेले असावेत अशी सूचना होती. अर्ज भरायला पाच आठवडे होते.

समोर आलेले पर्याय

अर्ज आहे तसा भरावा, वाढीव रकमेतून रंगमंच व्यवस्थापक नेमावा म्हणजे प्रशिक्षकांवरचा ताण कमी होईल, असे कार्यकारिणीतील दोघांचे म्हणणे होते. हा पर्याय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मोठ्या प्रयोगातून मुलांना जे मिळते ते वर्गखोलीत मिळत नाही. भरलेल्या प्रेक्षागृहाची शांतता, पडद्यामागच्या अंधारात एकमेकांवर टाकायचा भरवसा, वेळेचे बंधन यांतून मुले पुष्कळ शिकतात. पण रंगमंच व्यवस्थापक आला तरी वीस मुले बाकावर बसलेलीच राहणार होती, आणि प्रयोगांची संख्या वाढली की तालमीचे दिवसही वाढणार होते.

न्यासाला नकार देऊन पालकांकडून शुल्क घ्यावे, ही सूचना फार काळ टिकली नाही. शुल्क परवडणार नाही अशीच मुले या वर्गांत अधिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील कलम ३१ मुलांना सांस्कृतिक व कलाजीवनात मोकळेपणे सहभागी होण्याचा हक्क देते आणि त्यासाठी समान संधी उपलब्ध होण्यास प्रोत्साहन देण्याचे बंधन राज्यसंस्थांवर घालते. या कलमाचा उल्लेख संस्थेने आपल्या उद्देशपत्रिकेत केलेला होता. शुल्काच्या मार्गाने ती उद्देशपत्रिकाच मोडीत निघाली असती.

एका ज्येष्ठ सदस्यांनी वेगळा विचार मांडला. मुलांना स्वतः नाटक करायला लावण्यापेक्षा चांगली नाटके दाखवायला न्यावे. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शालेय गटांनी प्रत्यक्ष नाटक पाहिल्यावर त्यांच्यात सहिष्णुता आणि दुसऱ्याच्या बाजूने विचार करण्याची क्षमता तुलनेने अधिक आढळली होती. नाटकाच्या सहली हा उत्तम पूरक उपक्रम आहे आणि संस्थेने तो पुढे सुरूही केला, परंतु नियमित वर्गाची जागा तो घेऊ शकत नाही. हा अभ्यास नाटक पाहण्याविषयी होता, करण्याविषयी नव्हता.

शाळांतील शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन वर्ग हळूहळू त्यांच्याकडे सोपवण्याचा पर्याय मला स्वतःला सर्वांत दूरदृष्टीचा वाटत होता आणि अजूनही वाटतो. पण त्याला वेळ लागतो, आणि शाळेने त्या शिक्षकाचे काही तास मोकळे करून दिल्याशिवाय त्याचे प्रशिक्षण कागदावर राहते. पाच आठवड्यांत तिन्ही शाळांकडून तशी हमी मिळणे अशक्य होते.

शेवटचा पर्याय न्यासाकडे अटी बदलून मागण्याचा होता. अर्थसाहाय्य एक वर्षाऐवजी तीन वर्षांचे असावे, त्यातील पहिला हक्क प्रशिक्षकांच्या बारमाही वेतनाचा असावा, आणि मोठ्या प्रयोगाऐवजी मुलांनी स्वतः रचलेली छोटी सादरीकरणे शाळेतच व्हावीत. यात धोका उघड होता. न्यासाने नाही म्हटले असते तर पुढच्या वर्षी संस्थेकडे पैसेच उरले नसते. या धोक्यावर बोलताना बैठकीत ब्रिटनचा दाखला निघाला. कॉव्हेंट्री येथील बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये अभिनय आणि अध्यापन दोन्ही करणाऱ्यांचे पथक नेमून शाळांसाठी नाट्यकार्य सुरू केले. स्थानिक शासनाच्या पैशावर ते उभे राहिले आणि हा नमुना देशभर पसरला. पण १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतर निधीचे नियंत्रण शाळांकडे गेले, स्थानिक शासनांचे हात आखडले आणि पुढच्या काही वर्षांत अशी अनेक पथके बंद पडली. त्या पथकांचे काम कमी प्रतीचे होते असे कोणी म्हटले नव्हते. त्यांचा पैसा एकाच बाजूने येत होता आणि ती बाजू बदलली. आमच्या कार्यकारिणीतील सावध सदस्यांनी या दाखल्याचा अर्थ ‘देणाऱ्याला दुखवू नका’ असा लावला, तर मुख्य प्रशिक्षकांनी ‘एकाच देणाऱ्यावर विसंबू नका’ असा. दोन्ही अर्थ निघू शकतात, आणि त्या बैठकीत तासभर याच मुद्द्यावर ओढाताण झाली.

निर्णय आणि कार्यवाही

कार्यकारिणीने बहुमताने शेवटचा पर्याय स्वीकारला. त्यानंतरचा प्रश्न मला निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. न्यासाशी बोलायचे कसे? काही सदस्य सविस्तर पत्र लिहिण्याच्या बाजूने होते. मुख्य प्रशिक्षकांनी आग्रह धरला की पत्र पाठवण्याआधी न्यासाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांना एका साध्या वर्गाला बोलवावे. त्या तीन वर्षांत प्रयोगांना आल्या होत्या, पण वर्ग त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

त्या आल्या तो दिवस मुद्दाम निवडलेला नव्हता आणि वर्गात कोणतीही खास तयारी नव्हती. त्या दिवशी मोठ्या गटाबरोबर ब्राझीलचे रंगकर्मी आउगुस्तो बोआल यांच्या पद्धतीने काम चालले होते. या पद्धतीत अन्यायाचा एखादा प्रसंग आधी शेवटपर्यंत करून दाखवतात. दुसऱ्यांदा तोच प्रसंग सुरू झाला की बघणाऱ्यांपैकी कोणीही “थांबा” म्हणून तो रोखू शकतो, अन्याय सोसणाऱ्या पात्राची जागा घेऊ शकतो आणि वेगळे वागून पाहू शकतो. मुलांनी निवडलेल्या प्रसंगात एका नव्या विद्यार्थिनीची तिच्या उच्चारांवरून थट्टा होत होती. पहिल्या मुलीने तो प्रसंग थांबवून थट्टा करणाऱ्यांना सुनावले, तर त्यांनी आणखी जोर केला. दुसऱ्या मुलाने शिक्षकांकडे तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी थट्टा लपूनछपून सुरू झाली. तिसरी मुलगी त्या विद्यार्थिनीच्या जागी आली, काही बोलली नाही, आणि थट्टेला केवळ हसत असलेल्या एका मैत्रिणीशेजारी जाऊन बसली. ती मैत्रीण हसायची थांबली. मग वर्गात वाद सुरू झाला की हे खरोखर घडेल का, आणि तो वाद वर्ग संपेपर्यंत संपला नाही.

प्रकल्प अधिकारी बाहेर पडताना म्हणाल्या, “मला हे पटलंय. पण आमच्या विश्वस्तांसमोर मी हे कोणत्या रकान्यात लिहू?”

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि संस्थेने त्याला तशाच गांभीर्याने उत्तर दिले. पुढील दोन आठवड्यांत समन्वयक आणि प्रकल्प अधिकारी यांनी मिळून अहवालाचा नवा नमुना तयार केला. प्रेक्षकसंख्येच्या जागी वर्षाच्या आरंभी आलेल्या मुलांपैकी शेवटपर्यंत किती टिकली हा आकडा आला. प्रत्येक मुलाने वर्षभरात प्रसंग रचणे, दिग्दर्शन, अभिनय आणि प्रकाश वा ध्वनी यांपैकी किती कामे केली याची नोंद ठेवायचे ठरले. मुलांच्या वह्यांमधील निवडक मजकूर नावे वगळून आणि त्यांच्या संमतीने जोडायचा होता, आणि वर्षातून एकदा विश्वस्तांपैकी एकाने साध्या वर्गात येऊन बसावे असेही त्यात लिहिले गेले.

पत्राला पुराव्याची जोड हवी होती. बहुतेक युरोपातील असलेल्या १२ देशांत १३ ते १६ वयाच्या ४,४७५ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘डाइस’ या संशोधनाचा आधार घेण्यात आला. नियमित नाट्यवर्ग करणारी मुले वाचन आणि संवाद यांबाबत अधिक आत्मविश्वास दाखवतात आणि इतरांच्या भावनांची अधिक कदर करतात, असे त्यात आढळले होते. टोरंटोमध्ये लहान मुलांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगीतशिक्षणविषयक प्रयोगाचा उल्लेखही केला गेला. तुलनेसाठी घेतलेल्या नाट्यवर्गाच्या गटात बुद्ध्यंकाची वाढ संगीताच्या गटांएवढी दिसली नव्हती, परंतु सामाजिक वर्तनात लक्षणीय सुधारणा दिसली होती. पत्रात दोन्ही गोष्टी लिहाव्यात असा आग्रह मी धरला. आपल्या बाजूचा तेवढाच निष्कर्ष उचलून दिला तर पुढे एखादा विश्वस्त मूळ अभ्यास वाचतो आणि मग सगळ्या पत्रावरचाच विश्वास उडतो.

न्यासाने तत्त्वतः मान्यता दिली, पण रक्कम वाढवण्यास नकार दिला. रक्कम तेवढीच राहणार होती आणि करार तीन नव्हे, दोन वर्षांचा होणार होता. येथे या प्रकरणातील सर्वांत कठीण क्षण आला. मोठा प्रयोग रद्द करूनही, दोन्ही साहाय्यक प्रशिक्षकांना बारमाही वेतन, तयारीचा वेळ आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण धरले तर त्या रकमेत तीन शाळा बसत नव्हत्या. दोन बसत होत्या. प्रशिक्षकांना पुन्हा तासावर ठेवून तीन शाळा चालवायच्या की पूर्ण वेतन देऊन दोन, यावर कार्यकारिणीत समसमान मते पडली आणि अध्यक्षांना निर्णायक मत द्यावे लागले. त्यांनी दोन शाळांच्या बाजूने मत दिले. तिसऱ्या शाळेतील मुलांना जवळच्या दुसऱ्या शाळेतील गटात जागा देण्यात आली.

पुढचे बदल त्या मानाने सुरळीत झाले. सोडून जाणार असलेल्या साहाय्यक प्रशिक्षिका थांबल्या. सत्राच्या मध्यावर लागणारी पात्रांची यादी बंद झाली आणि प्रत्येक शाळेत तीन लहान गटांनी स्वतः रचलेली सादरीकरणे करायचे ठरले. प्रत्येक गटात पंधराच्या आसपास मुले, म्हणजे सगळ्यांना बोलायला आणि हलायला जागा. एका सादरीकरणात अभिनय करणाऱ्याने दुसऱ्यात पडद्यामागचे काम घ्यायचे असा नियम केला. सुरुवातीला मुलांना तो शिक्षेसारखा वाटला. नंतर प्रकाशाच्या कळफलकापाशी बसायला भांडणे होऊ लागली.

परिणाम

दोन वर्षांनंतर हजेरीपटातील ती ठरावीक आठवड्याची गळती दिसेनाशी झाली. परीक्षांच्या सुमारास हजेरी अजूनही घसरते, पण परीक्षा संपल्यावर मुले परत येतात, पूर्वी येत नसत. प्रशिक्षकांच्या चमूत बदल न झाल्याने एक गोष्ट कोणी विशेष अपेक्षिलेली नसताना घडली. दुसऱ्या वर्षी वर्गाचा आरंभ नव्या ओळखींवर खर्च झाला नाही, त्यामुळे मोठा गट पहिल्याच महिन्यात दीर्घ उत्स्फूर्त प्रसंगांपर्यंत पोहोचला. सादरीकरणांचा दर्जा असमान होता. काही प्रसंग लांबले आणि काहींत आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचला नाही. मुख्य प्रशिक्षकांनी याचे खापर मुलांवर फोडले नाही. आवाजाच्या फेकीचे तास त्यांनी दुसऱ्या वर्षी वाढवले.

तोटेही झाले आणि ते नोंदवणे आवश्यक आहे. अभिनयाची विशेष जाण असलेली काही मुले मोठ्या नाटकाच्या ओढीने दुसऱ्या गटांकडे गेली. त्यांतील काहींच्या पालकांनी संस्थेने दर्जा सोडला असे स्पष्ट बोलून दाखवले. मला त्यांचे म्हणणे पूर्णपणे चुकीचे वाटत नाही, कारण ज्या मुलाला नट व्हायचे आहे त्याला कधीतरी मोठ्या रंगमंचावर, लिहिलेल्या संहितेसमोर उभे राहावेच लागते. न्यासाचे विश्वस्तही या बाबतीत अस्वस्थ होते आणि कराराच्या नूतनीकरणात त्यांनी दर दोन वर्षांनी एक सार्वजनिक प्रयोग व्हावा अशी अट घातली. संस्थेने ती स्वीकारताना दोन मर्यादा लिहून घेतल्या : तालमी आठ आठवड्यांपेक्षा अधिक चालणार नाहीत, आणि प्रयोगाचा खर्च प्रशिक्षकांच्या वेतनातून वळता केला जाणार नाही.

तिसऱ्या शाळेचे काय झाले हे सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. दुसऱ्या गटात जागा दिलेल्या मुलांपैकी फार थोडी आली आणि तीही काही आठवड्यांत थांबली. वर्ग संध्याकाळी संपत असे आणि परतीच्या प्रवासाची सोय संस्थेने केलेली नव्हती. जागा देऊ केल्याची नोंद कागदावर झाली, प्रत्यक्षात ती मुले कार्यक्रमातून बाहेर गेली. मुख्याध्यापकांनी पुन्हा संस्थेशी बोलायची तयारी दाखवायला जवळजवळ वर्ष घेतले.

वेगळे काय करता आले असते

प्रशिक्षकांचे पूर्ण वेतन पहिल्याच अर्जात मागायला हवे होते. नव्या संस्था ते मागायला कचरतात, कारण प्रकल्पाच्या खर्चाला पैसे मिळतात आणि पगाराला मिळत नाहीत असा त्यांचा समज असतो. अनेक देणाऱ्यांच्या बाबतीत तो समज खराही असतो. पण एकदा स्वस्त दरात काम करून दाखवले की तोच दर खरा मानला जातो, आणि नंतर तो वाढवून मागणे म्हणजे कामाची व्याप्ती कमी करणे असा हिशेब समोर येतो. येथे तसेच घडले आणि त्याची किंमत तिसऱ्या शाळेने मोजली.

शाळा सोडायचीच होती तर ती एका वर्षात सोडायला नको होती. त्या शाळेतील एक शिक्षक वर्गात नियमित येऊन बसत, खेळांत भाग घेत. त्यांना वर्षभर सहप्रशिक्षक म्हणून तयार करता आले असते आणि त्यानंतर महिन्यातून एकदा प्रशिक्षकांची भेट ठेवून वर्ग चालू राहिला असता. हा मार्ग बैठकीत कोणी मांडला नाही, कारण चर्चा ‘तीन की दोन’ या प्रश्नातच अडकून पडली होती. अध्यक्षांनी निर्णायक मत देण्यापूर्वी एक आठवडा मागून घेतला असता तर कदाचित तो सुचलाही असता.

पालकांची सभा बदल जाहीर झाल्यानंतर झाली, ती आधी व्हायला हवी होती. मोठ्या भूमिका केलेल्या मुलांच्या पालकांना असे वाटले की निर्णय आपल्याला वगळून झाला, आणि त्यांचा राग बदलापेक्षा या वगळण्यावर अधिक होता.

सर्वांत मोठी उणीव मात्र मुलांच्या संदर्भातली आहे. बालहक्क कराराचे कलम १२ सांगते की मुलांशी संबंधित गोष्टींत त्यांना आपले मत मांडता यावे आणि वयानुसार व परिपक्वतेनुसार त्या मताला वजन मिळावे. संस्थेने कलम ३१ उद्देशपत्रिकेत लिहिले, पण पाच आठवड्यांच्या सगळ्या चर्चेत एकाही मुलाला विचारले नाही. नंतर, दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर, मोठ्या गटातील दोन प्रतिनिधींना नियोजनाच्या बैठकीला बोलावण्याची पद्धत सुरू झाली. पहिल्याच बैठकीत त्यांनी मांडलेली गोष्ट प्रौढांपैकी कोणाच्याही यादीत नव्हती. मोठ्या नाटकाबद्दल त्यांची तक्रार जमावात उभे राहण्याची नव्हती. आपल्याला ते काम का मिळाले हे कोणी सांगितले नाही, ही होती. भूमिका ठरवताना प्रशिक्षकाने प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलावे, काय जमले आणि कशावर काम करायचे ते सांगावे, एवढीच त्यांची मागणी होती. येत्या सार्वजनिक प्रयोगाच्या वेळापत्रकात पात्रनिवडीनंतरचा पूर्ण आठवडा आता या बोलण्यासाठी राखून ठेवला आहे आणि त्याचे तास प्रशिक्षकांच्या वेतनात धरले आहेत.

पुढील कराराचा अर्ज सध्या तयार होतो आहे. त्याच्या पहिल्या पानावर प्रशिक्षकांची पदे, तास आणि तयारीचा वेळ यांचा तक्ता आहे, प्रयोगाचा खर्च चौथ्या पानावर गेला आहे. तिसऱ्या शाळेच्या त्या शिक्षकांसाठी सहप्रशिक्षकाचे मानधन स्वतंत्र ओळीत मागितले असून, शाळेने त्यांचे आठवड्याचे दोन तास मोकळे करून देण्याचे पत्र त्याला जोडले आहे. न्यासाने ही ओळ नामंजूर केली तर तेवढी रक्कम दुसऱ्या देणगीदाराकडून उभी करायची, असा ठराव कार्यकारिणीने या वेळी अर्ज पाठवण्यापूर्वीच करून ठेवला आहे.